तुळजापूरची तारा आणि आपट्यांची यमू

(कादंबरीतील नायिकेच्या व्यक्तिरेखेत घडणारे परिवर्तन या विषयावर नळदुर्ग येथे वाचनप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



कादंबरी वाचून पुस्तक मिटले की आपण सहज म्हणतो, 'नायक किती बदलला!' पण म्हणजे नेमके काय झाले, याचा विचार आपण क्वचितच करतो. नायक गरिबाचा श्रीमंत झाला, गावाकडून शहरात आला, त्याचे लग्न झाले किंवा त्याला तुरुंगवास घडला, हे सारे त्याच्या परिस्थितीतील बदल होत. व्यक्तिरेखेतील परिवर्तन ही निराळी गोष्ट आहे. आपल्या नळदुर्गकरांना हा भेद समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपला खंडोबा वर्षातील काही काळ अणदूरला असतो आणि काही काळ इथे मैलारपुरात येऊन राहतो. स्थान बदलते, देव तोच राहतो. देवाच्या बाबतीत हेच योग्य आहे. कादंबरीच्या नायकाचे मात्र असे होऊन चालत नाही. त्याची पालखी शंभर गावे फिरून आली आणि आतला माणूस होता तसाच राहिला, तर ती कादंबरी म्हणजे केवळ प्रवासवर्णन ठरते.

हा विषय नळदुर्गात मांडण्याला एक खास कारण आहे. या भूमीत नायिका वाढलेली, या परिसराचे वारे प्यायलेली एक इंग्रजी कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'तारा'. लेखक कर्नल फिलिप मेडोज टेलर. या तारेच्या शेजारी मराठीतील दोन नायिका ठेवून आज काही विचार मांडावयाचे आहेत.

नळदुर्गचा टेलर

टेलरचा जन्म १८०८ सालचा, इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो हिंदुस्थानात आला आणि लवकरच निजामाच्या चाकरीत शिरला. ठगांच्या जगावर त्याने लिहिलेली कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडमध्ये गाजली. पुढे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या वेळी या मुलखाचा कारभार टेलरकडे आला. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील १६१३ सालचा पाणीमहाल आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्याच किल्ल्यात टेलरचा मुक्काम असे. १८५७ च्या धामधुमीपर्यंत तो इथे होता.

टेलर हा राज्यकर्त्या वर्गातला होता, हे विसरता येणार नाही. पण तो या देशाकडे केवळ कचेरीच्या खिडकीतून पाहणारा अधिकारी नव्हता. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादच्या पामर घराण्यातील. तिची आजी मोगल घराण्यातील स्त्री होती. दोन समाजांच्या मीलनातून उभे राहिलेले घर ही त्याच्या दृष्टीने पुस्तकातली कल्पना नव्हती. 'तारा'चा शेवट वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लेखकाला दोष देण्यापूर्वी त्याला समजून घेणे हे वाचकाचे पहिले कर्तव्य होय.

तारेची कथा

तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या विद्वान ब्राह्मणाची एकुलती एक कन्या. बालपणी विवाह झाला आणि बालपणीच वैधव्य आले. पुढे काय, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे. अशा अवस्थेत ती आई भवानीच्या गाभाऱ्यात जाते, देवीने आपल्याला बोलावले आहे या भावनेने तिचा देह भारला जातो, आणि ती देवीची सेविका होते. कथेचा पहिला महत्त्वाचा वळणबिंदू हा.

त्यानंतर घटनांचा वेग वाढतो. मोरो त्रिमल नावाचा एक कारस्थानी पुरुष तिच्या मागे लागतो. अफजलखानाची फौज तुळजापुरावर चालून येते, मंदिराचा विध्वंस होतो, आईबापांची आणि मुलीची ताटातूट होते. खानाचा मुलगा फाजलखान तिचे रक्षण करतो आणि खानाच्याच कुटुंबात तिला आश्रय मिळतो. पुढे प्रतापगडचा प्रसंग घडतो. वाईला मातापित्यांची भेट होते, पण परधर्मीयांच्या घरी राहिलेली मुलगी म्हणून जातीचे लोक तिच्याविरुद्ध उभे राहतात. तारा सती जाण्याचे ठरवते. चितेवर चढलेल्या तारेला फाजलखान सोडवून नेतो आणि अखेरीस ती त्याची पत्नी होते.

इतिहासाच्या अंगाने या कथेवर पुष्कळ आक्षेप घेता येतील आणि ते घेतले पाहिजेत. टेलरने कथानकाचा काळ १६५७ धरला आहे. प्रतापगडचा प्रसंग घडला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. १६५७, १७५७ आणि १८५७ असे शंभर-शंभर वर्षांच्या अंतराचे तीन टप्पे घेऊन तीन कादंबऱ्या लिहिण्याची त्याची योजना होती. त्या योजनेत तारीख बसावी म्हणून इतिहासाला दोन वर्षे मागे सरकावे लागले! खलपुरुषाच्या नावाचेही तसेच. ग्रँट डफच्या इतिहासात मोरोपंत पिंगळ्यांचे नाव याच 'मोरो त्रिमल' रूपात येते. स्वराज्याच्या उभारणीत हयात घालवलेल्या आणि पुढे पेशवेपदाची धुरा वाहिलेल्या पुरुषाचे नाव एका स्त्रीलंपट कपटी माणसाला मिळावे, याचे वाईट मराठी वाचकाला वाटणारच.

परंतु मित्रहो, आपला आजचा विषय इतिहासाचा नाही, व्यक्तिरेखेचा आहे. तारेचा शेवट आपल्याला रुचला नाही म्हणून कादंबरी वाईट, असे म्हणणे सोपे आहे. ते टीका करणे नव्हे, रुसणे होय. प्रश्न असा विचारला पाहिजे की तारेमध्ये घडलेला बदल तिचा स्वतःचा आहे का?

एक साधी कसोटी

यासाठी मी एक साधी कसोटी सुचवतो. कादंबरीच्या आरंभी नायकावर जो आघात होतो, तसाच आघात शेवटी होतो तेव्हा तो त्याला काय नाव देतो ते पाहावे. नाव बदलले असेल तर माणूस बदलला.

तारेला ही कसोटी लावू. संपूर्ण कथेत तिचे स्वतःचे म्हणावेत असे निर्णय मुख्यतः दोन. पहिला देवीच्या गाभाऱ्यात, दुसरा वाईला चितेपाशी. या दोन निर्णयांच्या मध्ये तिच्या आयुष्यात आकाशपाताळाचे अंतर पडले आहे. तिने मंदिराचा विध्वंस पाहिला, परक्या घरातील माया पाहिली, आपल्या माणसांचे पाषाणहृदय पाहिले, आणि तिच्या मनात प्रेमाचा अंकुरही फुटला. तरीसुद्धा दोन्ही वेळी ती एकच कृती करते: स्वतःला अर्पण करते. प्रथम देवीला, नंतर अग्नीला. गाभाऱ्यातली तारा ज्याला दैव म्हणत होती, त्याला चितेवरची तारा दैवच म्हणते. बाकी सर्व तिला घडते. तिला पळवले जाते, तिला सोडवले जाते, तिला आश्रय दिला जातो, तिला चितेवरून उतरवले जाते. वाक्यांची क्रियापदे पाहा. सगळीकडे कर्ता दुसराच कोणीतरी आहे.

यावर कोणी म्हणेल की तिचे प्रेम हेच तिचे परिवर्तन. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घराची तिला प्रथम भीती वाटली त्याच घरावर पुढे तिचा विश्वास बसतो, हा मनाचा प्रवास टेलरने सहानुभूतीने रंगवला आहे. तारेविषयी त्याच्या लेखणीत तुच्छता कोठेही नाही. तिच्या आईबापांनाही तो क्रूर करीत नाही. त्यांची माया खरी आहे. पण ज्या क्षणी हा नवा विश्वास जुन्या श्रद्धेसमोर उभा राहून तिच्याकडे उत्तर मागणार, नेमक्या त्या क्षणी लेखक घोडेस्वार पाठवतो. तारेला उत्तर देण्याची वेळच येत नाही. देवी भवानीची सेविका असलेल्या मुलीने परक्या धर्माचे घर आपले मानले, ही लहान गोष्ट नाही. तो निर्णय तिने रात्र-रात्र जागून, रडून, देवीशी भांडून घेतला असता, तर आपल्याला तो पटो वा न पटो, आपण तिच्यापुढे मान लववली असती. सुटकेच्या धावपळीत तो निर्णय हरवून गेला.

पहिली यमुना

तारेच्या सहा वर्षे आधी, १८५७ साली, मराठीत बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांची नायिका यमुना पतीसह प्रवासास निघते आणि गावोगावच्या विधवांची दैना पाहते. पुढे तिलाही वैधव्य येते आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

विधवांच्या स्थितीचे जे दर्शन या पुस्तकात घडते ते अंगावर काटा आणणारे आहे. त्याचे श्रेय लेखकाला निःसंकोचपणे दिले पाहिजे. पण व्यक्तिरेखा म्हणून यमुनेचा विचार करा. ती मिशनच्या शाळेत शिकलेली आहे. तिचा ओढा आरंभापासूनच लेखक जिकडे तिकडे आहे. पहिल्या पानावर ती ज्या दिशेला तोंड करून उभी आहे, शेवटच्या पानावर ती त्याच दिशेला चार पावले पुढे आहे. ती साक्षीदार आहे. साक्षीदार सत्य सांगतो, पण साक्ष देताना तो स्वतः बदलत नाही.

म्हणजे सहा वर्षांच्या अंतराने दोन लेखकांनी आपल्या समाजातील दोन विधवा निवडल्या, आणि दोघांनाही त्यांच्यासाठी एकच दार उघडे दिसले: घराबाहेरचे. एकीला चर्चचे, दुसरीला विजापूरच्या सरदाराच्या वाड्याचे. आपण या लेखकांच्या हेतूंविषयी वाटेल तेवढा वाद घालू शकतो. पण आतले दार बंद होते, ही गोष्ट त्यांनी रचलेली नव्हती.

दुसरी यमुना

आता तिसऱ्या नायिकेकडे वळू. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून क्रमशः 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी लिहिली. १८९३ साली ती पुस्तकरूपाने आली. हिची नायिकाही यमुनाच, घरातली यमू. कथा तीच सांगते, आणि तिथेच आपट्यांनी अर्धी लढाई जिंकली. टेलरची तारा आपल्याला दुरून दिसते. यमूच्या डोळ्यांनी आपण स्वतः पाहतो.

आरंभीची यमू हे दादाबरोबर खेळणारे, भांडणारे एक चुणचुणीत पोर आहे. वडीलधारी माणसे सांगतात ते तिच्या लेखी जगाचे नियम आहेत. पाऊस वरून खाली पडतो, तसेच मुलीने घरात राहावे आणि मुलाने शाळेत जावे. पुढे आईचा मृत्यू, सावत्र आई, सासर. सासरचा काच ती सोसते, कारण सासर म्हटले की काच असायचाच. नियमाविरुद्ध कोणी तक्रार करते का?

बदल सुरू होतो तो एका अगदी लहान गोष्टीने. तिचा पती रघुनाथ तिला लिहायला-वाचायला शिकवतो. भाऊही पाठीशी आहे. इथे कोठेही घोडेस्वार येत नाही, तलवार चमकत नाही. बोट पाटीवरून फिरते, एवढेच. मग मुंबईचे बिऱ्हाड, तेथील समवयस्क सुशिक्षित जोडपी, गप्पा, वाचन, सभा. नवरा-बायको एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकतात, हे यमूला प्रथम नवलाचे वाटते, मग हवेसे वाटते, आणि हळूहळू तेच योग्य वाटू लागते. आपट्यांनी या पायऱ्या गाळलेल्या नाहीत. आज यमूला जे अवघड वाटले ते चार प्रकरणांनी तिला सहज वाटते, आणि तो क्षण नेमका कोणता, हे वाचकाला बोट ठेवून दाखवता येत नाही. खऱ्या माणसाचे असेच होते. वेल रोज पाहणाऱ्याला ती वाढलेली दिसत नाही.

आणि मग आघात येतो. रघुनाथराव जातात. यमू परत जुन्या घरात, जुन्या माणसांच्या ताब्यात येऊन पडते. शंकरमामंजींसारखा माणूस धर्माचे नाव पुढे करून तिच्यावर सूड उगवतो आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. बाह्यतः पाहिले तर यमू पूर्ण हरली. तारेला निदान नवे घर मिळाले. यमूला मृत्यू मिळाला. परिस्थितीच्या मापाने मोजले तर ती जिथून निघाली त्याहूनही खाली गेली.

आता आपली कसोटी लावा. लहानपणीच्या यमूने असे काही पाहिले असते तर 'नशीब' म्हणून डोळे पुसले असते. आताची यमू त्याच गोष्टीला 'अन्याय' म्हणते. वस्तरा तोच, डोके तेच, रूढीही तीच. नाव बदलले. आणि हे नाव तिला कोणी उसने दिलेले नाही. पाटीवरच्या पहिल्या अक्षरापासून ते तिने स्वतः मिळवले आहे. म्हणून ती आपली कहाणी लिहून ठेवते. लेखणी हातात घेणे हीच तिच्या परिवर्तनाची खूण आहे. तारेला चितेवरून उतरवावे लागले. यमूला कोणी वाचवले नाही, तरी मोडलेल्या देहाने ती उभी राहिली.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. यमू घर सोडून गेली नाही. तिने आपला देव टाकला नाही, आपली माणसे टाकली नाहीत. त्यामुळे तिच्या प्रश्नातून आपली सुटका होत नाही. बाहेर गेलेल्या तारेविषयी 'ती गेली' म्हणून आपण हळहळतो आणि मोकळे होतो. घरातच राहून प्रश्न विचारणाऱ्या यमूला उत्तर द्यावे लागते. कादंबरीचे नावच मुळी आपल्याकडे बोट दाखवते.

वाचक बदलले का?

नायिका बदलली, पण तिच्या कथेने समाज बदलला का, हा पुढचा प्रश्न. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण कायद्याच्या कागदाने घराची दारे उघडत नाहीत. ती आतून उघडावी लागतात. 'पण लक्षात कोण घेतो!' पुस्तकरूपाने आली त्याच १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यासाठी त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पण ते समाज सोडून गेले नाहीत, आणि तीन वर्षांनी त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, पुढे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. यमूची लेखणी कादंबरीतून बाहेर येऊन एका खऱ्या स्त्रीच्या हाती गेली, असेच म्हणावेसे वाटते.

त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. समाजाच्या चारित्र्यातील परिवर्तन म्हणतात ते हेच. कोणी बाहेरून येऊन हात धरला नाही. हात आपणहून थांबला.

हा विषय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. २०२२ मध्ये असा ठराव करावा लागला, याची खंत वाटते. आणि तो गावाने आपण होऊन केला, याचा अभिमान वाटतो. दोन्ही भावना एकाच वेळी मनात बाळगल्या पाहिजेत.

आपण समाजसंघटनेची भाषा बोलतो. घर सोडून गेलेल्यांविषयी आपल्या बैठकांत पुष्कळ चर्चा होते. त्या चर्चेत एक प्रश्न अवश्य असावा: ती गेली तेव्हा तिच्यासाठी घरातले कोणते दार उघडे होते? टेलरच्या कादंबरीत वाईच्या पंचांनी आपल्याच लेकीला घरात घेतले असते, तर फाजलखानाच्या घोड्याला यावेच लागले नसते. लेखकाच्या कल्पनेतील प्रसंग आहे, पण त्याला पायथा वास्तवाचा आहे.

म्हणून माझी आपल्याला दोन साध्या गोष्टींची विनंती आहे. पहिली वाचनाची. या दोन कादंबऱ्या घरात एकत्र वाचा, आणि मुलामुलींना विचारा की नायिका कोठे बदलली आणि तिला कोणी बदलले. इतिहासाच्या चुका त्यांना जरूर दाखवा, पण तेवढ्यावर थांबू नका. दुसरी आचरणाची. येत्या संक्रांतीला आपल्या घरी हळदीकुंकू होईल. शेजारची, नात्यातली, वाड्यातली जी भगिनी इतकी वर्षे त्या दिवशी आपले दार लावून आत बसत आली आहे, तिला घरातल्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीने स्वतः जाऊन बोलवावे, आणि ओसरीवर नव्हे, सर्वांबरोबर बसवावे.

यमूने तिच्या परीने पुस्तकभर प्रवास केला. तेवढे अंतर आपण आपल्या उंबरठ्यापासून शेजारच्या उंबरठ्यापर्यंत चालू शकलो, तर आपट्यांनी विचारलेल्या प्रश्नाला एका घराचे तरी उत्तर मिळेल.